नव्वद दुपारी

कुहूच्या डाव्या तळव्याला दोन चकत्या चिकटवल्या होत्या. त्यांच्या तारा टेबलावरच्या पडद्याला जोडलेल्या होत्या आणि पडद्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. साडेचार वर्षांची कुहू खुर्चीत पाय हलवत बसली होती. काचेपलीकडे तिचे आईवडील, मृण्मयी आणि सौमित्र, उभे होते.

"आता एकेक जण आत येईल," डॉ. हेमांगी किरपेकर तिला म्हणाल्या. "तू नुसतं बघायचं हं."

आधी एक परिचारिका आली, हसली, गेली. रेघ सरळ. मग दवाखान्याचा शिपाई आला. रेघ सरळच. मग डॉक्टरांनी खूण केली तशी मृण्मयी आत गेली आणि नेहमीसारखी म्हणाली, "कुहू, पिल्लू!"

रेघ सरळ राहिली.

"ह्या कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई," कुहू लगेच म्हणाली.

"कशावरून ओळखलंस?"

"चष्मा आहे. हनुवटीवर तीळ आहे."

"आणि चष्मा काढला, तीळ झाकला तर?"

कुहूने थोडा विचार केला. "मग नाव विचारीन."

डॉक्टरांनी टेबलाखाली धरलेला फुगा फट्कन फोडला. कुहू दचकली आणि रेघ उसळून पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. यंत्रात बिघाड नव्हता.

दोन आठवड्यांपूर्वी बालवाडीच्या फाटकात एका बाईने चुकून कुहूपुढे हात केला होता. भाचीला न्यायला ती पहिल्यांदाच आली होती. कुहू तो हात धरून निमूट तिच्या स्कूटरवर बसून गेली. चूक कळल्यावर बाई धावतपळत परत आली, माफी मागितली आणि जाता जाता मृण्मयीला म्हणाली, "पण तुमची मुलगी रडली कशी नाही हो?" त्या प्रश्नाने मृण्मयीला नागपूरच्या या दवाखान्यात आणलं होतं.

"बुद्धी उत्तम आहे तिची," डॉक्टर म्हणाल्या. "चेहरा ओळखते, आवाज ओळखते. पण आपलं माणूस दिसलं की आपल्या आत काहीतरी हलतं ना, ते तिच्यात हलत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आपण ओळखतो, तशी ती तुम्हाला ओळखते." त्यांनी टिपणवही उघडली. "तान्ही असताना निजपट्टी लावायचात का?"

"हो," सौमित्र म्हणाला. "पहिले आठ महिने. रोज."

ज्या प्रयोगशाळेने निजपट्टी सुरक्षित ठरवली, तिथल्या अहवालावर सही मृण्मयीची होती.

निजपट्टी म्हणजे दोन बोटं रुंदीची मऊ पट्टी. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कपाळावर ती बांधायची. ती श्वास आणि नाडी मोजायची आणि बिनतारी लहरींनी आईच्या मोबाइलला कळवायची. श्वास अडकला की मोबाइल किंचाळायचा. तिने खरोखरच बाळं वाचवली होती. अशा उपकरणांच्या लहरींना कायद्याची मर्यादा होती ती उष्णतेची: मेंदू किती तापतो, एवढंच मोजायचं. निजपट्टीने मेंदू अंशाच्या विसाव्या भागाइतकाही तापत नव्हता.

डॉ. किरपेकरांना सापडलं ते वेगळंच होतं. बॅटरी वाचावी म्हणून पट्टी सलग लहरी सोडत नसे, सेकंदाला तेरा ठोके देई. आणि झोपेतल्या तान्ह्या मेंदूतही जवळपास त्याच वेगाने विजेचे झटके उठतात. दिवसभरात पाहिलेला आईचा चेहरा, तिचा वास, तिचा आवाज या सगळ्याची भावनेच्या केंद्राशी गाठ मारायचं काम त्या झटक्यांत चालतं. बाळाची कवटी पातळ, मेंदूत पाण्याचा अंश जास्त. पट्टीचे ठोके आत पोचत आणि मेंदूचा ताल किंचित ओढून घेत. गाठी रोज मारल्या जात होत्या, पण दर वेळी दोरा निसटत होता. मूल हसे, बोले, वाढे. कोणाच्या काही लक्षात येत नसे. देशात अशी चाळीस हजार मुलं होती.

पट्टी गेल्या वर्षीच बाजारातून काढून घेतली होती. कंपनीचं म्हणणं एकच होतं: आमच्याकडे सुरक्षिततेचा अहवाल आहे.

तो अहवाल मृण्मयीने लिहिला तेव्हा तिला सहावा महिना होता. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या प्रयोगशाळेत कडक उन्हाळ्याचे दिवस. चाचणीसाठी माणसाच्या डोक्याचा पोकळ साचा असे, त्यात साखर-मिठाचं दाट पाणी भरायचं, म्हणजे लहरींना तो मेंदूच वाटतो. साचा मात्र मोठ्या माणसाचा. नियमात तेवढंच होतं. मृण्मयीने स्वतःहून अर्भकाच्या डोक्याचा एक छोटा साचा ओतून घेतला आणि तीन दिवस बसून त्यात आतपर्यंत काय पोचतं ते मोजलं. उष्णता नगण्य होती. पण ठोके स्वच्छ दिसत होते. कपाळापासून थेट मधोमधपर्यंत, घड्याळासारखे.

ते पान घेऊन ती विभागप्रमुख दंडिगेंकडे गेली होती.

"मॅडम, काहून डोकं शिणवून राहिल्या तुम्ही?" दंडिगे म्हणाले होते. "नियम उष्णतेचा आहे ना? ठोक्यांचा नियम कुठं लिवला आहे, दाखवा मले."

"नाही लिहिलेला. पण सर, लहान मुलांवर..."

"मंग काढा ते पान. उगाच शंका उभ्या राह्यतात. चार बाळं वाचतील त्यानं, ते बघा."

तिने पान काढलं. त्याची एक प्रत मात्र स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. उत्पादन सुरू झालं तेव्हा कंपनीने भेट म्हणून दोन पट्ट्या दिल्या. एक तिने पोटातल्या बाळासाठी ठेवली. दुसरी धाकट्या बहिणीला, वैदेहीला दिली. वैदेहीचा मुलगा विहंग तेव्हा दोन महिन्यांचा होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डॉ. किरपेकरांनी पत्रकार परिषद घेतली. मृण्मयीने ती स्वयंपाकघरात मोबाइलवर पाहिली.

उपाय सापडला होता. पट्टीच्या दोन ठोक्यांमध्ये जी फट असते, नेमक्या त्या फटीत पडणारे उलटे, अगदी मंद ठोके मुलाला झोपेत द्यायचे. त्या वेळी एकच माणूस त्याच्याजवळ हवा, त्याचा स्पर्श आणि आवाज हवा. नव्वद दिवसांत गाठ बसते. डुकराच्या पिल्लांवर हे सिद्ध झालं होतं. दुपारच्या झोपेत परिणाम सगळ्यात चांगला. मात्र उपचार मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत सुरू व्हायला हवेत. एकदा सुरू झाले की पाच उलटली तरी चालतं. सुरूच झाले नाहीत, तर मेंदू ते दार कायमचं लावून घेतो. आणि मध्येच सोडले, तर झालेलं सगळं पुसलं जातं.

"अडचण एकच," डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या. "बाळाच्या डोक्यात हे ठोके नेमके कसे पोचत होते, त्याचं मूळ मोजमाप आम्हाला हवंय. पट्टी मागे घेताना कंपनीने सगळ्या पट्ट्यांतली आज्ञावली दुरून पुसली, त्यामुळे ते आता नव्याने मोजता येत नाही. कंपनी म्हणते, असं मोजमाप कधी झालंच नाही. कोणाकडे असेल तर कृपा करून पुढे या. रोज पंचवीस मुलं पाच वर्षांची होताहेत."

सौमित्र महाविद्यालयात शिकवून घरी आला तेव्हा मृण्मयीने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने आलेखावरच्या ठोक्यांवरून बोट फिरवलं.

"उद्या सकाळीच जाऊ डॉक्टरांकडे," तो म्हणाला.

"आणि मग? पहिलं काम पोलीस मला अटक करण्याचं करतील. लॅपटॉप जप्त, पट्टी जप्त. मग समिती, मग परवानगी, मग यादी. पाच-सहा महिने कुठे गेले ते कळणार नाही. वीस ऑगस्टला कुहू पाच वर्षांची होते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी इंजिनिअर आहे, सौमित्र. आपली पट्टी आहे, मोजमाप आहे. उलटे ठोके मी घरी बसवू शकते. नव्वद दुपारी. मग मी स्वतः जाऊन सगळं देते."

"आणि तोवर रोजची पंचवीस?"

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं ऑगस्टपर्यंत उलटली.

"वैदेहीला तरी सांग. विहंग नऊ जूनला पाच वर्षांचा होतोय."

"वैदेही एक दिवस गप्प बसेल का? ती तडक डॉक्टरांकडे जाईल. ती खरं बोलणारी आहे."

सौमित्रने लॅपटॉप बंद केला. "मी काहीही ऐकलेलं नाही," तो म्हणाला आणि उठून कुहूला खेळवायला गेला.

अठरा मार्चला पहिली दुपार. मृण्मयीने रोज अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सुरुवात केली होती. खिडकीला जाड पडदे लावले, कूलरची घरघर चालू ठेवली, पट्टी मोठी करून शिवून घेतली. कुहूला कुशीत घेऊन ती झोपे आणि झोप लागली की कानाशी बोलत राही. काय बोलायचं हा प्रश्नच होता. पहिल्या काही दिवसांत तिने गोष्टी सांगितल्या, मग भाज्यांची नावं, मग स्वतःच्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं. कुहू शांत झोपे. उठली की "पाणी द्या" म्हणे. बाहेरच्या माणसांशी बोलते तसंच.

तिसाव्या दिवशी काहीच नव्हतं. पन्नासाव्या दिवशी काहीच नव्हतं. बावन्नाव्या दुपारी मृण्मयी चष्मा न लावता मोरीतून बाहेर आली आणि कुहू तिला म्हणाली, "आई, डोळे बारीक दिसतात तुझे."

'तुझे' म्हणाली. आणि नाव विचारलं नाही. मृण्मयी परत मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

एकाहत्तराव्या दुपारी दाराची बेल वाजली. कुहूला नुकतीच झोप लागली होती. मृण्मयी अलगद हात काढून उठली. दारात वैदेही उभी होती, उन्हाने लालबुंद, आणि तिच्या मनगटाला कापडी पट्ट्याने बांधलेला विहंग. असा पट्टा बांधल्याशिवाय ती त्याला बाहेर नेऊच शकत नव्हती.

"फोन का उचलत नाहीस गं, ताई?" ती आत येत म्हणाली. "मला वाटलं आजारी आहेस."

विहंग खुर्चीवर नीट बसला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने पेला वैदेहीकडे दिला आणि म्हणाला, "थँक्यू काकू."

"आई म्हण रे," वैदेही म्हणाली.

"हो, आई," तो समजूतदारपणे म्हणाला. चूक दुरुस्त करावी तसा.

वैदेहीने डोळ्यांना पदर लावला. "रोज सकाळी सांगावं लागतं. ऐकतो बिचारा. परवा शेजारी नवी भाडेकरीण आली, तिच्याकडे जेवला आणि संध्याकाळी म्हणतो, मी आता यांच्याकडे राहू का? यांचा वरण-भात छान आहे. ताई, तेरा दिवस राहिलेत. मी डॉक्टरांकडे रोज फोन करते. कोणी पुढे आलं का? नाही म्हणतात. कसली माणसं असतील गं ही? कोणाच्या तरी कपाटात तो कागद असणारच. त्यांना मुलं नसतील का?"

आतून पावलांचा आवाज आला. ठोके अर्धवट राहून कुहू जागी झाली होती. ती दारात आली, भिरभिर सगळीकडे पाहिलं, मृण्मयीवर नजर पडली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "तू उठून का गेलीस?" असं ओरडत ती धावत आली आणि मृण्मयीच्या मांडीत डोकं खुपसून हुंदके देऊ लागली.

वैदेही बघतच राहिली. तिच्या हातातला पेला तिरका झाला.

"ताई, हे... ही तर... हे कसं झालं?"

मृण्मयीचा हात कुहूच्या केसांवर होता. त्या क्षणी तिला खरं बोलता आलं असतं. विहंगची पट्टी वैदेहीच्या घरी होती, तीत उलटे ठोके बसवायला एक तास पुरला असता. तेरा दिवस हाताशी होते. पण मग वैदेही किंकाळी फोडेल, फोन करेल, माणसं येतील, आणि एकोणीस दुपारी राहिल्या असताना कुहूच्या कपाळावरची पट्टी कोणीतरी पुरावा म्हणून पिशवीत घालून नेईल.

"आपोआपच," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, काही मुलांचं वाढत्या वयात होतं असं."

वैदेही उठली आणि तिने मृण्मयीला कुहूसकट मिठी मारली. ती हसत होती, रडत होती. "मग विहंगचंही होईल! होईल ना गं? एकाच वेळच्या पट्ट्या आपल्या. अगं बाई, मी उगाच डॉक्टरांच्या मागे लागले होते. आता नाही जीव खात त्यांचा. वाट बघते."

विहंग खुर्चीत बसून कूलरच्या पात्यांकडे पाहत होता.

आठ जूनला सकाळी मृण्मयीने वैदेहीचा नंबर काढला. अंगठा पडद्यावर धरून ती किती वेळ बसली कोण जाणे. कुहूने हाक मारली. मृण्मयीने मोबाइल पालथा ठेवला आणि ती हाकेला गेली. दुसऱ्या दिवशी विहंगच्या वाढदिवसाला ती आणि सौमित्र कुहूला घेऊन गेले. केक कापल्यावर विहंगने पहिला घास कोणाला द्यायचा, ते आजूबाजूच्यांना विचारून घेतलं.

नव्वदावी दुपार पंधरा जूनला झाली. सोळाला मृण्मयीने मोजमापाचं पान डॉ. किरपेकरांच्या टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी कोपऱ्यातली तारीख वाचली आणि खालचं नाव वाचलं.

"हे पाच वर्षं तुमच्याकडे होतं?"

"हो."

"मी मार्चमध्ये टीव्हीवर हात जोडले, तेव्हाही?"

"हो. आधी कुहूचं करून घेतलं. तिचं झालं, डॉक्टर. यंत्राला जोडून बघा हवं तर."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सव्वादोन हजार मुलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत इतकी पाच वर्षांची झाली. समितीला हे पान दिलं असतं, तर पहिल्या तुकडीला मी पंधरा दिवसांत सुरुवात केली असती. मी सगळी तयारी करून बसले होते, बाई. फक्त याच कागदासाठी."

पंधरा दिवस. मृण्मयीने पाच-सहा महिने धरले होते. कोणाला विचारलं नव्हतं.

"माझा एक भाचा आहे," ती म्हणाली. "सातच दिवस होऊन गेलेत. सातच."

"आणा त्याला," डॉक्टर म्हणाल्या. "पण मी खोटी आशा देणार नाही."

विहंगवर नव्वद दुपारी उपचार झाले. एकही दिवस न चुकवता वैदेही त्याच्या कानाशी बोलत राहिली. शेवटच्या दिवशी त्याच्या तळव्याला चकत्या लावल्या, वैदेही आत गेली, आणि ती बाहेर आली तेव्हा तिला कोणी काही विचारलं नाही. तोवर वर्तमानपत्रांत मृण्मयीचं नाव छापून आलं होतं आणि मार्चपासून तिने ते पान दडवल्याचंही. त्याच दिवशी दवाखान्यातून वैदेही पोलीस ठाण्यात गेली. मेची ती दुपार तिने शब्दन् शब्द लिहून दिली.

खटला वर्षभर चालला. अहवालातून पान काढणं आणि संकटात माहिती दडवणं, असे दोन आरोप. दंडिगेंनी 'असं पान मला कोणी दाखवलंच नाही' असं सांगितलं आणि ते सुटले. मृण्मयीने काहीच नाकारलं नाही. तिला चार वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचं आहे का? ती म्हणाली, "पुन्हा तसंच केलं असतं." तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

न्यायालयाच्या आवारात पोलिसांची गाडी उभी होती. सौमित्र कुहूला घेऊन आला होता. सहा वर्षांची कुहू मृण्मयीच्या कमरेला अशी बिलगली की दोन महिला पोलिसांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. एक बोट सुटलं की दुसरं रुते. पूर्वीची कुहू असती, तर तिने हात हलवून टाटा केला असता आणि ज्याने हात पुढे केला त्याच्याबरोबर आइस्क्रीम खायला गेली असती.

"आई! नको ना! मी पण येते! आई!"

तिचा आवाज चिरकला. आवारातले वकील, पक्षकार, चहावाला, सगळे थबकून बघत होते. सौमित्रने तिला कवेत उचललं तेव्हा तिने त्याच्या खांद्याला कडकडून चावा घेतला.

थोड्या अंतरावर वैदेही उभी होती. विहंगचा हात तिने घट्ट धरला होता.

"ती मुलगी का ओरडते?" विहंगने विचारलं.

"तिची आई चाललीय."

विहंगने क्षणभर विचार केला. "दुसरी मिळेल की," तो म्हणाला.

वैदेहीने मान वर केली. गाडीच्या जाळीआडून मृण्मयी तिच्याकडेच पाहत होती. दोघी बहिणींची नजर भेटली. वैदेहीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं, तशी ती किंचाळणाऱ्या कुहूकडे बघू लागली.

गाडी सुरू झाली. "बाई, मागे सरका, बसून घ्या," महिला शिपाई म्हणाली. मृण्मयी सरकली नाही. मुलीचं रडणं आता थांबावं, कोणीतरी तिला पाणी द्यावं, जवळ घ्यावं, असं तिला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. ती जाळीला कान लावून उभी राहिली आणि गाडी फाटकाबाहेर वळून आवाज तुटेपर्यंत ऐकत राहिली.